वाचक विचारतात : निवृत्तीनंतर मलावीत शिकवायला जाऊ का?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी नाशिकमध्ये मराठी माध्यमाच्या शाळेत आठवी ते दहावीला गणित शिकवते. मे महिन्यात निवृत्त होतेय. आफ्रिकेतल्या मलावी देशातल्या एका माध्यमिक शाळेत वर्षभर स्वयंसेवक म्हणून शिकवायची संधी चालून आली आहे. मी पूर्ण शाकाहारी. इंग्रजी वाचता-लिहिता येतं, पण भराभर बोलता येत नाही. घरचे म्हणतात, 'शिकवायचंच आहे तर आपल्या सुरगाण्यात शाळा कमी आहेत का?' काय करू?
— एक शिक्षिका, इंदिरानगर

उत्तर : घरच्यांचं म्हणणं खोटं नाही. सुरगाण्यात, पेठ तालुक्यात जीव ओतून गणित शिकवणारं माणूस हवंच आहे. 'तिथली मुलं बिचारी' म्हणून मलावीला निघाला असाल तर जाऊ नका. पण तिथल्या मुख्याध्यापकांना तुमच्या विषयाचा शिक्षक खरोखर मिळत नसेल आणि त्यांनी स्वतः बोलावलं असेल, तर नक्की जा.

हो म्हणण्याआधी त्यांना पत्र लिहून विचारा : मला कोणते वर्ग देणार, माझ्याआधी ते कोण शिकवत होतं, मी परतल्यावर कोण शिकवणार? प्रशिक्षण घेऊन नोकरीची वाट पाहणारे शिक्षक मलावीतही आहेत. तुम्ही फुकट मिळताय म्हणून त्यांच्यातल्या एकाचा पगार वाचवला जात असेल, तर स्पष्ट नाही म्हणा. मला हा मुद्दा बाकी सगळ्यापेक्षा मोठा वाटतो.

इंग्रजीची काळजी सोडा. माध्यमिक शाळेत शिकवणं इंग्रजीतून चालतं, पण बहुतेक मुलांच्या घरची भाषा चिचेवा किंवा दुसरी एखादी स्थानिक भाषा असते. तुमचं सावकाश, सुटं इंग्रजी त्यांना बरं पडेल. मी झोंबाजवळ शिकवत होते. (1975पर्यंत राजधानी तिथे होती, मग लिलाँग्वेला गेली.) 'समजलं का?' विचारलं की अख्खा वर्ग एका सुरात 'येस, मॅडम' म्हणायचा. त्या होकारावर विसंबू नका. मी फळ्यावर एक उदाहरण लिहून प्रत्येकाला कागदाच्या चिठोऱ्यावर फक्त उत्तर लिहायला सांगायची आणि चिठोरे गोळा करायची. कोण कुठे अडलंय ते लगेच दिसायचं. पुस्तक चौघांत एक, म्हणून उदाहरणं फळ्यावर उतरवण्यात तास संपतो. ती आदल्या संध्याकाळीच मोठ्या कागदावर लिहून ठेवा. संभाव्यता शिकवायला मक्याचे दाणे घ्यायचे, काहींना शाई लावायची आणि पिशवीतून न बघता काढायला लावायचे.

जानेवारी-फेब्रुवारी मात्र लक्षात ठेवा. मागच्या हंगामाचा मका संपलेला असतो, नवा शेतात उभा असतो. पुष्कळ मुलं उपाशी येतात, दुपारच्या तासाला डोळे मिटायला लागतात. त्या महिन्यांत अवघड प्रकरण पहिल्या तासालाच घ्या. झोपलेल्या मुलाला कृपा करून रागावू नका.

आता जेवण. रोजचं अन्न न्सिमा, म्हणजे मक्याच्या पांढऱ्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा. जेवणाआधी कुणीतरी तांब्यानं हातावर पाणी घालतं, मग उजव्या हातानं तोडून, वळून, भाजीला लावून खायचा. भोपळ्याच्या पानांची भाजी दाण्याचं कूट घालून करतात. आपल्या जिभेला ती पहिल्याच घासाला पटते. तूर तर तिथे पिकते. तिला नांदोलो म्हणतात. 2021 साली आपल्या सरकारनं मलावीतून दरवर्षी 50 हजार टन तूर आणण्याचा करार केला. बाजारात ती सालासकट, अख्खी मिळते, म्हणून कुकर घेऊन जा. रात्री भिजत घालून शिट्ट्या केल्या की छान आमटी होते. हिंग, गोडा मसाला इथूनच न्या.

एक नाजूक गोष्ट. पाहुणा आला की कोंबडी कापायची, हा तिथला मान. 'मी मांस खात नाही' हे ताटावर बसल्यावर सांगू नका, आदल्या दिवशीच सहकारी शिक्षिकेकरवी कळवा. घरात असलेली एकुलती कोंबडी वाचते आणि यजमानीणबाईंना अवघडल्यासारखं होत नाही. मासेही 'चालतात का?' विचारतील, तेही सांगून ठेवा. कुणाच्या घरी जाताना साखर आणि साबण न्या. टंचाईच्या महिन्यांत पिठाची पिशवी न्या.

मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून निघण्याआधीच सुरू करायच्या आणि परतल्यावरही सांगतील तितके दिवस घ्यायच्या. मच्छरदाणीशिवाय झोपू नका. नाशिकला आल्यावर ताप आला तर 'मी आफ्रिकेतून आलेय' हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा. मलावीच्या सरोवराचं पाणी नितळ दिसतं, पण त्यात बिलहार्झिया या आजाराचे जंतू असतात, तेव्हा पोहण्याचा मोह आवरा. आणि स्वेटर न्या, झोंबाला जून-जुलैत थंडी पडते.

प्रश्न : मुलगा इंजिनिअरिंगला आहे. सुट्टीत दोन आठवडे आफ्रिकेत 'मुलांना शिकवायला' नेणारी एक सहल आहे, खर्च अडीच लाख. पाठवू का?
— एक वडील, सिडको

उत्तर : शिकवण्यासाठी म्हणून पाठवू नका. दोन आठवड्यांत त्याला मुलांची नावंही पाठ होणार नाहीत, आणि तो निघाला की वर्ग पुन्हा शिक्षकांनाच सावरावा लागतो. आफ्रिका बघायची असेल तर प्रवासी म्हणून खुशाल पाठवा, देश सुंदर आहेत, माणसं अगत्यशील आहेत. शिकवायची खरी ओढ असेल तर या वर्षी दर शनिवारी त्र्यंबकच्या बाजूच्या एखाद्या आश्रमशाळेत जाऊ दे, अर्थात तिथल्या शिक्षकांना विचारून. वर्षभर टिकला तर मला पुन्हा लिहा. मग मोठ्या मुक्कामासाठी परवाना कुणी काढायचा, शाळेकडून काय लेखी घ्यायचं, ते मी सविस्तर सांगेन. पर्यटक व्हिसावर वर्गात उभं राहायचं नसतं, एवढं मात्र त्याला आत्ताच सांगून ठेवा.