घरातल्या बारशाचे फोटो धूसर आणि दाणेदार आले. लेन्स खराब आहे का?

तुम्ही लिहिलंय की अंगणातले फोटो चकाचक येतात आणि घरातलेच बिघडतात. म्हणजे लेन्सवर शंका घ्यायचं कारण नाही. १८-५५ किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत येते ती), ५५ वर झूम, एफ ५.६ (लेन्सचं तोंड किती उघडं ते; आकडा लहान तितकं तोंड मोठं), शटर १/३० सेकंद, आयएसओ ६४०० (उजेडासाठीची संवेदनशीलता), फ्लॅश बंद: हे आकडे तुम्हीच दिलेत आणि उत्तर त्यातच आहे. उजेड कमी पडला. ऑटो मोडने ती तूट दोन ठिकाणी वाटून टाकली: शटर संथ केलं, त्यातून धूसरपणा आला, आयएसओ चढवला, त्यातून दाणे दिसू लागले. वर जेपेगमध्ये (नेहमीच्या फोटो फाइलमध्ये) कॅमेरा दाणे पुसायला जातो आणि त्या भरात केस, जावळ, साडीची जर हेही पुसून टाकतो.

आता धूसरपणा नेमका कुठला, ते बघा. फोटो १०० टक्के मोठा करा. मागचं घड्याळ स्पष्ट आणि बाळ फरफटल्यासारखं असेल, तर पाळणा हलत होता. बारशाला तो हलणारच, बायका झोका देतात तेव्हाच तर फोटो काढायचा असतो! लेन्समधलं स्टॅबिलायझेशन इथे काही कामाचं नाही, ते फक्त तुमच्या हाताची थरथर सांभाळतं. समईच्या ज्योती, दागिन्यांवरची चमक असे सगळे ठिपके एकाच दिशेने ओढले गेले असतील, तर हात हलला. आणि बाळ धूसर पण पाळण्याच्या दांडीवरची झेंडूची माळ कोरीव आली असेल, तर फोकस चुकलाय. ऑटोला जवळची, ठळक वस्तू आवडते. मधला एकच फोकस पॉइंट निवडा, तो बाळाच्या डोळ्यावर धरा.

खर्च करायचाच असेल तर ५० मिमी एफ १.८ लेन्स घ्या. बहुतेक कंपन्यांच्या स्वस्तातल्या लेन्समध्ये ती मोडते. एफ ५.६ वरून एफ २ वर आलात की उजेड साधारण आठपट मिळतो. त्यातला बराचसा शटरवर खर्च करा, १/३० वरून १/१०० वर जा. तरी आयएसओ २५०० च्या आसपास उतरतो. १/१०० मुद्दाम सांगतोय: आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. त्याहून वेगवान शटरला स्वस्त एलईडीखाली फोटोत काळपट पट्टे येऊ शकतात. झोका जोरात असेल तर १/१०० ही अपुरं पडेल. टोकाला पाळणा क्षणभर थांबतो, तेव्हा क्लिक करा. एक मात्र लक्षात घ्या. एफ २ वर दीड मीटरवरून फोकसमध्ये जेमतेम सहा-सात सेंटिमीटर राहतं. बाळाचा डोळा मिळेल, शेजारी वाकलेली आत्या सुटेल. ग्रुप फोटोला ही लेन्स एफ २ इतकी उघडी ठेवू नका. तिथे वेगळा फ्लॅश लावून तो पांढऱ्या छताकडे वळवा. कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश थेट तोंडावर मारण्यापेक्षा मी दाणे पत्करेन.

दाण्यांच्या धास्तीने आयएसओ खाली ओढून अंधारा फोटो काढायचा आणि नंतर ॲपमध्ये उजळायचा, हा उपाय बरेच जण सुचवतात. ऐकू नका. उजळताना सावल्यांमधले दाणे दुप्पट जोमाने वर येतात. आयएसओ चढू द्या, एक्सपोजर बरोबर ठेवा, जमल्यास रॉमध्ये (कॅमेऱ्याने काही न पुसलेल्या मूळ फाइलमध्ये) काढा. आणि हो, लेन्सची पुढची काच पुसा. घरच्या कार्यात तिला कुणाचं तरी तुपाचं बोट लागलेलं असतंच.

जे फोटो आलेत ते फेकू नका. हललेलं बाळ नीट करता येणार नाही, पण दाणे बरेच काढता येतात. ४ बाय ६ इंची प्रिंटला दोनेक मेगापिक्सेल पुरतात. २४ मेगापिक्सेलचा फोटो तेवढा लहान झाला की ६४०० चे दाणे सहसा दिसतही नाहीत. आधी दोन-चार प्रिंट काढून बघा.