फेरखटला : चूक कुणाची?

प्रश्न : सत्र न्यायालयाने एकाला जन्मठेप दिली. अपिलात उच्च न्यायालयाने ती रद्द केली, पण त्याला सोडलं नाही; खटला नव्याने चालवायला खाली परत पाठवला. सरकार पक्षाला ही दुसरी संधी कशासाठी? अपील कोर्टाला असा अधिकार असावाच का?

उत्तर : असावा. मात्र मी आरोपीतर्फे उभा असलो, तर तो वापरला जाऊ नये म्हणून जीव तोडून भांडेन!

आपल्याकडे हा अधिकार जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३८६ मध्ये होता, आता तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४२७ मध्ये आहे. इंग्लंडमध्ये १९०७ च्या कायद्याने फौजदारी अपील कोर्ट स्थापन झालं, तेव्हा त्याला तो नव्हता. शिक्षा कायम, नाहीतर थेट सुटका. नव्या पुराव्यावरून फेरखटल्याची सोय झाली १९६४ मध्ये. मधली वाट नसली की आरोपीचंच नुकसान होऊ शकतं. खुनी सुटेल या धास्तीने न्यायाधीश खालच्या कोर्टाची ढळढळीत चूकही पोटात घालतात.

मी पेपरबुक (खटल्याच्या कागदपत्रांचा बांधलेला संच) आलं की आधी आरोपीचा जबाब वाचतो; साक्षी संपल्यावर न्यायाधीश विरोधातल्या पुराव्याबद्दल प्रश्न विचारून घेतात तो. पानभर 'खोटं आहे', 'माहीत नाही'. समजा, ज्या रक्ताळलेल्या शर्टावर शिक्षा उभी आहे, त्याबद्दल त्याला एकही प्रश्न विचारलेला नाही. ही कोर्टाची चूक. त्या जबाबापासून पुढचं कामकाज पुन्हा घ्या, आधीचे साक्षीदार परत कशाला? पण तोच शर्ट पोलिसांनी सील न करता ठेवला आणि रासायनिक अहवाल कोसळला, तर फेरखटला म्हणजे सरकार पक्षाला भोकं बुजवायची मुभा. तिथे निर्दोषच सोडायला हवं. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली बजावलं होतं की फेरखटला अपवाद म्हणूनच. कोर्टाला अधिकारक्षेत्रच नव्हतं किंवा खरा खटला झालाच नाही, अशा वेळी.

'खरा खटला झालाच नाही' याचं उदाहरण बेस्ट बेकरी, गुजरातमधल्या २००२ च्या दंगलीतलं हत्याकांड. साक्षीदार फुटले, सगळे २१ आरोपी सुटले. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका रद्द करून खटला महाराष्ट्रात नव्याने चालवायला लावला. २००६ मध्ये नऊ जणांना जन्मठेप झाली. पुढे २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यातले पाच सोडले. तेव्हा फेरखटला म्हणजे हमखास शिक्षा, असंही नाही.

एकाच गुन्ह्याला दोनदा शिक्षा नको, हे संविधानाच्या कलम २०(२) मधलं संरक्षण इथे उपयोगी पडत नाही, कारण पहिली शिक्षा पुसलेली असते.

तुम्ही विचारलं नाहीत, पण माझ्या मते महत्त्वाचं : शिक्षा रद्द झाली म्हणजे तो माणूस आता शिक्षा झालेला कैदी नव्हे, खटला चालू असलेला कच्चा कैदी. जामिनाचा अर्ज लगेच टाकावा, आणि त्यात आजवर भोगलेल्या तुरुंगवासाचा हिशेब आधी मांडावा.