अ‍ॅपर्चरचा आकार आणि धूसर दिवे

प्रश्न: रात्रीच्या छायाचित्रांत मागचे धूसर दिवे कधी गोल, तर कधी षटकोनी दिसतात. अ‍ॅपर्चरच्या (लेन्समधील प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राच्या) आकारामुळे प्रकाशही कमी-जास्त होतो का?

उत्तर: प्रकाश किती आत येईल हे छिद्राच्या क्षेत्रफळावर ठरते, त्याच्या आकारावर नव्हे, एफ/२ वरून एफ/२.८ वर गेल्यास (एफचा आकडा जितका मोठा, तितके छिद्र लहान) क्षेत्रफळ, आणि म्हणून प्रकाशही, सुमारे निम्मा होतो. आकार उमटतो तो धूसर भागात. फोकसबाहेरच्या प्रत्येक प्रकाशबिंदूचा सेन्सरवर पसरट ठिपका पडतो आणि तो छिद्राचीच प्रतिकृती असतो. लेन्स पूर्ण उघडी असताना छिद्र लहान-मोठे करणारी पाती बाजूला सरकलेली असल्यामुळे हा ठिपका गोल दिसतो, परंतु सहा सरळ पात्यांचे छिद्र लहान केले की त्याचा षटकोन होतो. वक्र पाती हा दोष बऱ्याच अंशी झाकतात. चौकटीच्या कडेचे दिवे मात्र पूर्ण उघड्या लेन्समध्येही मांजराच्या डोळ्यासारखे लांबट दिसतात, कारण तिरप्या किरणांचा काही भाग लेन्सची नळी अडवते.

फोकसमधील प्रखर दिव्यांभोवती लहान छिद्रामुळे जे किरण फुटतात, ते विवर्तनामुळे, म्हणजे छिद्राच्या कडांपाशी प्रकाश वळून पसरल्यामुळे. पात्यांची संख्या सम असेल तर तितकेच किरण दिसतात, विषम असेल तर दुप्पट. म्हणजे ८ पात्यांना ८, पण ७ पात्यांना १४.

खात्री करायची असल्यास काळ्या कागदात छोटा त्रिकोण कापून तो उघड्या लेन्ससमोर धरावा. मागचे दिवे त्रिकोणी होतील आणि फोकसच्या अलीकडचे दिवे त्यांच्या उलटे दिसतील.