मांडीचं हाड मोडून ऑपरेशन झालं, हाड धरतंय पण गुडघा वाकत नाही. भाऊ पुन्हा नीट चालेल का?

चालेल, पण वेळ लागेल. मी डॉक्टर नाही, झेडपीच्या शाळेत शिक्षक आहे. जे सांगतोय ते भोगलेलं आहे.

२०१९च्या पावसाळ्यात टेम्पोने मोटरसायकलला बाजूने ठोकलं. उजव्या मांडीचं हाड गुडघ्याच्या चार बोटं वर फुटून तीन तुकडे झाले, एक भेग थेट सांध्यात उतरली. लांब प्लेट आणि स्क्रू बसले. हाड मधोमध मोडलं तर बहुधा आतून रॉड घालतात आणि अशांना पायावर वजनही लवकर टाकू देतात. म्हणून शेजारच्या कॉटवरचा चालायला लागला, आपण का नाही, हा हिशेब भावाला करू देऊ नका. मी केला, आणि फुकट रात्री जागवल्या.

तुम्ही लिहिलंय, दोन महिने झाले आणि गुडघा ४० अंशांवर अडलाय. माझा सहा आठवड्यांनी ३५ होता. हाड धरायला साधारण तीन ते सहा महिने लागतात, ते काम शरीर करतं. गुडघा मात्र आपसूक सुटत नाही. मांडीचा पुढचा स्नायू मोडलेल्या जागी चिकटतो आणि आखडतो. सपाट चालायला साठ-पासष्ट अंश पुरतात, जिन्याला ९०च्या आसपास लागतात, उकिडवं बसायला १२०च्या पुढे. सध्या ९० गाठायचं बघा, संडासाला कमोडची खुर्ची आणा.

फिजिओने टाच सरकवायला सांगितली होती. फरशीवर पावडर टाकायची, भिंतीला पाठ लावून बसायचं, पायात मोजा घालून टाच हळूहळू ओढायची. जिथे अडेल तिथे मी खडूने रेघ मारायचो. शिक्षकाच्या घरात खडूला काय तोटा! बायको तेवढी फरशी सोडून पुसायची. आठ-आठ दिवस रेघा एकीवर एक बसायच्या, मग एखाद्या सकाळी बोटभर पुढे.

चूक झाली ती उशीची. आईने मायेने गुडघ्याखाली उशी ठेवली, मलाही बरं वाटायचं. त्यापायी गुडघा पुरता सरळच होईना. फिजिओने उशी घोट्याखाली सरकवली आणि गुडघा अधांतरी ठेवायला लावला. त्या कळा अजून आठवतात. पण गुडघा थोडा कमी वाकला तर निभतं, सरळ झाला नाही तर लंगडणं जात नाही.

आठव्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले, ‘वीस किलो टाका.’ पायाला वीस किलो कसे कळणार? शाळेतला वजनकाटा घरी आणला आणि वॉकर धरून त्यावर पाय दाबत बसलो. दोन दिवसांत अंदाज आला. पूर्ण वजन पाचव्या महिन्यात. इथे डॉक्टर सांगतील त्याच्या पुढे जाऊ नका. हाड धरेपर्यंत भार प्लेट घेते, आणि रोज ताण खाऊन धातूही मोडतो. भाऊ तंबाखू खात किंवा सिगारेट ओढत असेल तर आजच बंद, त्याने हाड उशिरा धरतं.

पोटरी सुजून दुखायला लागली किंवा अचानक धाप लागली तर त्याच क्षणी दवाखाना गाठा, रक्ताची गुठळी असू शकते. आणि कुणा मालिशवाल्याला जोर लावून गुडघा वाकवू देऊ नका. महिनाभर मेहनत करूनही ४०वरच राहिला तर सर्जनला स्पष्ट विचारा, अडकलेला गुडघा मोकळा करण्याचे उपाय त्यांच्याकडे असतात.

माझा वर्षभराने ११५वर थांबला. मोटरसायकल चालवतो, वर्गात तासन्‌तास उभा राहतो. जिना उतरताना कठडा लागतो आणि पंगतीला बसायचं झालं की कुणीतरी न सांगता माझी खुर्ची आणून ठेवतं.