बेडकांना बुरशीच्या रोगापासून जिवाणू वाचवू शकतात का?

वाचवू शकतात, पण सगळ्यांना नाही. कायट्रिड बुरशी बेडकाच्या कातडीत घुसते, तिथून होणारी क्षारांची ये-जा बिघडते आणि शेवटी हृदय बंद पडतं. काही बेडकांच्या अंगावर मुळातच जँथिनोबॅक्टेरियम लिव्हिडम नावाचा जिवाणू असतो. त्याची वसाहत गडद जांभळी दिसते. तो रंग, म्हणजे व्हायोलासिन, हेच बुरशीवरचं औषध! कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडाच्या पिवळ्या पायांच्या बेडकांना हा जिवाणू दिला, तर ते बुरशी लागूनही तगले (हा प्रयोग २००९ साली प्रसिद्ध झाला). पनामाच्या सोनेरी बेडकांवर मात्र तोच उपाय फसला. जिवाणू त्यांच्या कातडीवर टिकलाच नाही. परकं विरजण लागलं नाही म्हणा ना! म्हणून आता त्या-त्या जातीच्या अंगावरचेच जिवाणू तपासतात.