दरवर्षी मे ते सप्टेंबर हवेतला कार्बन डायऑक्साइड घटतो, मग पृथ्वी तापतेच कशी?

कारण ती घट तात्पुरती असते, वर्षाचा हिशेब वाढताच राहतो. जगातली बहुतेक जंगलं उत्तर गोलार्धात आहेत. तिथे भरपूर ऊन मिळू लागलं की पानं हा वायू ओढून घेतात आणि पानगळीनंतर पाचोळा कुजताना तोच पुन्हा हवेत जातो. हवाईतल्या मौना लोआ वेधशाळेत चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ साली सुरू केलेल्या नोंदींत हा चढउतार दिसतो, दर दशलक्ष भागांत जेमतेम सहाएक भागांचा. त्याच नोंदींत सरासरी मात्र ३१५ वरून ४२०च्या पुढे गेली आहे, आणि जमिनीची उष्णता अडवून धरते ती ही साठलेली भर. अर्थात झाडं कुचकामी नाहीत: आपल्या उत्सर्जनाचा पाव हिस्सा तरी वनस्पती आणि माती दरवर्षी पचवतात.