फोन आपला, अपडेट कोणाच्या हाती?

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत असतो. तिथल्या एका टेलिकॉम कंपनीकडून हप्त्यांवर घेतलेला अँड्रॉइड फोन त्याने हप्ते फिटल्यावर मला दिला. फोन चांगला आहे. परंतु सुरू करताना आधी त्या अमेरिकन कंपनीचे बोधचिन्ह झळकते, तिची पाच-सहा ॲप्स काही केल्या निघत नाहीत आणि अपडेट तपासायला गेले की ‘आपला फोन अद्ययावत आहे’ एवढेच उत्तर मिळते. माझ्या भाचीने इंदुरात घेतलेल्या त्याच नावाच्या फोनला मात्र अपडेट येत असतात. शिवाय माझे एक सिम त्यात घातले तर इंटरनेट चालते, पण कॉल लागत नाही. जेल रोडवरच्या दुकानदाराने पाहिले आणि म्हणाला, “आंटी, फोन तो अनलॉक है, दिक्कत सॉफ्टवेयर में है।” हप्ते फिटले, फोन माझा झाला, तरी त्याच्या सॉफ्टवेअरवर तिकडच्या कंपनीचा ताबा कसा? सेटिंग्जच्या पानाचे छायाचित्र सोबत पाठवत आहे.
— एक वाचक भगिनी, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : दुकानदाराने आपल्याला सांगितले ते बरोबर आहे, आणि आपला सारा घोटाळा त्याच एका वाक्यात आहे. कंपनीकडून घेतलेल्या फोनला दोन कुलपे असतात, याची फारशी कोणाला कल्पना नसते. पहिले कुलूप सिमचे. ते हप्ते फिटल्यावर आणि कंपनीच्या अटी पूर्ण झाल्यावर उघडते, म्हणून आपल्या फोनमध्ये इथले सिम चालते. दुसरे कुलूप सॉफ्टवेअरचे. फोनमध्ये कारखान्यातच भरलेली प्रणाली त्या टेलिकॉम कंपनीसाठी वेगळी बनवलेली असते. सुरुवातीचे बोधचिन्ह, न निघणारी ॲप्स आणि अपडेट कुठून मागायचे याचा पत्ता, हे सगळे त्या प्रणालीतच असते. सिमचे कुलूप उघडल्याने या प्रणालीत काहीही बदल होत नाही. भाचीचा फोन भारतातल्या खुल्या बाजारासाठी बनला, आपला त्या एका कंपनीसाठी. नाव एक असले तरी दोन्हींची प्रणाली वेगळी. सॅमसंगच्या अमेरिकेतल्या फोनांत तर हा फरक मॉडेल क्रमांकातच दिसतो : टेलिकॉम कंपनीमार्फत विकलेल्या फोनच्या क्रमांकाअखेर ‘यू’ असतो आणि खुल्या विकलेल्याच्या अखेर ‘यू १’.

अपडेट एवढ्या उशिरा का येते, हे समजण्यासाठी त्याचा प्रवास पाहावा लागतो. गुगल अँड्रॉइडची दुरुस्ती तयार करते. क्वालकॉम किंवा मीडियाटेकसारखी चिप बनवणारी कंपनी ती आपल्या चिपशी जुळवते. मग फोन बनवणारी कंपनी स्वतःचे रंगरूप आणि ॲप्स त्यात बसवते. आणि फोन टेलिकॉम कंपनीमार्फत विकलेला असेल, तर ती कंपनी आपल्या नेटवर्कवर चाचणी घेऊन मंजुरी देते, तेव्हा कुठे ते ग्राहकापर्यंत पोहोचते. हा शेवटचा नाका एका देशात असतो, दुसऱ्यात नसतो. २००७ मध्ये आयफोन आला तेव्हा अमेरिकेत तो केवळ एटी अँड टीकडे मिळत होता, तरीही अपडेटची किल्ली ॲपलने स्वतःकडे राखली आणि फोनवर टेलिकॉम कंपनीचे बोधचिन्हही येऊ दिले नाही. अँड्रॉइडचा पहिला फोन २००८ मध्ये टी-मोबाइलने विकला. पुढे अँड्रॉइड अनेक कंपन्यांच्या हातून वाढले, आणि प्रत्येक हाताने स्वतःचे काहीतरी त्यात घातले.

नेटवर्कची चाचणी मला अनाठायी वाटत नाही. अपडेटनंतर आपत्कालीन क्रमांकच लागेनासा झाला तर लोक फोन बनवणाऱ्याकडे जात नाहीत, टेलिकॉम कंपनीच्या दारात जातात, आणि कॉल नीट लागतो की नाही हे तपासण्याचा तिला अधिकार आहे. परंतु चाचणीचा अधिकार म्हणजे स्वतःची ॲप्स कायमची बसवण्याचा अधिकार नव्हे. या दोन गोष्टी एकाच प्रणालीत बांधून दिल्या जातात, आणि पहिल्याच्या निमित्ताने दुसरी खपून जाते. नोव्हेंबर २०११ मध्ये ट्रेव्हर एकहार्ट या संशोधकाने ‘कॅरिअर आयक्यू’ नावाचा प्रोग्राम उघडकीस आणला. नेटवर्कची तपासणी करण्याच्या नावाखाली तो टेलिकॉम कंपन्यांसाठी फोनमध्ये घातलेला होता, सामान्य ग्राहकाला तो दिसतही नव्हता आणि बंदही करता येत नव्हता. ग्राहकाने विकत घेतलेल्या वस्तूत त्याच्या नकळत असे काही असावे, हे मला तेव्हाही पटले नव्हते आणि आजही पटत नाही.

जुलै २०१५ मध्ये ‘स्टेजफ्राइट’ ही अँड्रॉइडमधली मोठी त्रुटी बाहेर आली. केवळ एका मल्टिमीडिया संदेशाने फोनमध्ये शिरकाव होऊ शकत होता, आणि दुरुस्ती तयार असूनही ती असंख्य फोनांपर्यंत पोहोचत नव्हती. त्यानंतर गुगल आणि सॅमसंग यांनी दरमहा सुरक्षा अपडेट देण्याचे जाहीर केले. २०१७ मध्ये अँड्रॉइड ८ बरोबर ‘प्रोजेक्ट ट्रेबल’ आले. त्याने चिपशी संबंधित भाग आणि मूळ प्रणाली वेगळी केली, म्हणजे प्रणाली बदलताना चिपच्या कंपनीसाठी दर वेळी अडून राहावे लागू नये. २०१९ मध्ये अँड्रॉइड १० पासून प्रणालीचे काही भाग गुगल थेट प्ले स्टोअरच्या मार्गाने बदलू लागले, म्हणजे तेवढ्यापुरते मधले नाके टळले.

आपण पाठवलेल्या छायाचित्रात हेच दिसते. ‘अँड्रॉइड सुरक्षा अपडेट’ या ओळीपुढे सव्वा वर्षापूर्वीची तारीख आहे, आणि त्याच्या लगेच खाली ‘गुगल प्ले सिस्टिम अपडेट’पुढे दोनच महिन्यांपूर्वीची. खालचे अपडेट गुगलकडून थेट येते, म्हणून ते आले. वरचे त्या टेलिकॉम कंपनीच्या नाक्यातून यायला हवे, म्हणून ते अडले. ‘आपला फोन अद्ययावत आहे’ या वाक्यावर विसंबू नये. त्याचा अर्थ एवढाच की, फोनने जिथे विचारले तिथे त्याच्यासाठी काही ठेवलेले नाही. खरी स्थिती तारखेवरून कळते.

कॉल न लागण्याचे कारणही याच प्रणालीत असण्याची दाट शक्यता आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये सुरू झालेल्या जिओच्या नेटवर्कमध्ये टूजी-थ्रीजी नाहीच. तिथे आवाजही इंटरनेटसारखाच फोरजीवरून जातो, ज्याला व्होल्टे म्हणतात. त्यासाठी त्या नेटवर्कची मांडणी फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून असावी लागते, आणि अमेरिकेतल्या एका कंपनीसाठी बनवलेल्या प्रणालीत ती बहुधा नसते. टूजी चालू असलेल्या कंपनीचे सिम घालून पाहा. कॉल लागला, तर दोष यंत्रात नाही हे नक्की होईल.

आपल्याकडे टेलिकॉम कंपन्यांचा असा ताबा कमी आहे, कारण इथे फोन आणि सिम वेगवेगळे विकत घेण्याची पद्धत आहे. नेटवर्कशी जुळवणी मात्र इथेही सुटत नाही : १ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात फाइव्हजीचा प्रारंभ झाला, पण हातात फाइव्हजीचा आयफोन असलेल्यांना डिसेंबरमधल्या अपडेटपर्यंत थांबावे लागले. न निघणाऱ्या ॲप्सचा वाद तर इथेही जुनाच आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला आणि आधीपासून घातलेली तिची ॲप्स ग्राहकाला काढता यावीत असेही सांगितले. मार्च २०२३ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण ॲप्स काढण्याविषयीचा हा निर्देश रद्द केला. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस दूरसंचार विभागाने चोरीचे फोन आणि फसवणूक यांच्या तक्रारीसाठीचे ‘संचार साथी’ हे सरकारी ॲप प्रत्येक नव्या फोनमध्ये घालण्याचा आदेश दिला होता. बरीच टीका झाल्यावर ३ डिसेंबरला ती सक्ती मागे घेण्यात आली. ॲप उपयुक्त आहे की नाही हा वेगळा प्रश्न आहे. काढण्याची मोकळीक ग्राहकाकडे राहावी, असे माझे स्पष्ट मत आहे, मग ॲप कोणाचेही असो.

आता आपल्या फोनचे. न निघणारी ॲप्स सेटिंग्जमध्ये जाऊन ‘डिसेबल’ करा; ती चालणार नाहीत आणि समोर दिसणार नाहीत, मात्र प्रणालीने व्यापलेली जागा मोकळी होणार नाही. मुलगा पुन्हा अमेरिकेत तोच फोन नेणार असेल, तर तिथले मूळ सिम घालून अपडेट तपासायला सांगा. पुष्कळदा साठलेली अपडेट तेव्हा उतरतात. प्रणालीच बदलून देतो म्हणणाऱ्या दुकानांपासून मी आपल्याला सावध करीन, कारण चुकीची फाइल पडली तर फोन सुरूही होणार नाही. आणि सुरक्षा अपडेट येत नाही तोवर यूपीआय आणि बँकेची ॲप्स या फोनमध्ये ठेवू नका. छायाचित्रे, नातवंडांशी व्हिडिओ कॉल, वाचन यांसाठी तो उत्तम आहे.

प्रश्न : माझ्या साध्या फोनवर मधूनच एक चौकट येते आणि चुकून ‘ओके’ दाबले गेले की पैसे कापले जातात. हे ॲप सापडतच नाही.
— एक ज्येष्ठ वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : आपण वर्णन केलेल्या चौकटी बहुधा फोनमधून नव्हे, तर सिममधून येतात. सिमवर टेलिकॉम कंपनीचा एक छोटा प्रोग्राम असतो, म्हणून फोन बदलला तरी चौकट सुटत नाही. मेन्यूमध्ये ‘सिम टूलकिट’ किंवा कंपनीच्या नावाचे चिन्ह शोधा. त्यात अशा सूचना बंद करण्याचा पर्याय बहुतेक वेळा असतो. सशुल्क सेवा सुरू करण्यापूर्वी ग्राहकाची दुसऱ्यांदा संमती घेतलीच पाहिजे, असा ट्रायचा, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाचा, जुलै २०१३ चा निर्देश आहे. सुरू झालेली सेवा बंद करण्यासाठी १५५२२३ हा क्रमांक आहे. त्यावर फोन करताना पैसे कापल्याचा संदेश समोर ठेवा, कारण सेवेचे नाव त्यातच लिहिलेले असते.